ताम्रपट, सातबारा आणि संगणकाची खिडकी

१/२७
इसवी सनाच्या चौथ्या शतकात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राजवटीच्या ३७ व्या वर्षी एक गाव दान दिले आणि तो व्यवहार तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घेतला. वाशीमला सापडलेल्या या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. जमीन कोणाला मिळाली हे नेमके समजावे, यासाठी भाषाही विचारपूर्वक निवडलेली दिसते.

२/२७
तांब्यावरच्या अक्षराचा एक गुण असतो. कोरणाऱ्याने जे कोरले तेच जपले गेले आणि जे जपले गेले तेच वाचणाऱ्याला दिसले. तलाठ्याच्या दप्तरातील हस्तलिखित सातबाराचेही तसेच. शाई फिकी पडली असेल, अक्षर गिचमिड असेल, कागदाला वाळवी लागली असेल. पण नोंद एक आणि तिचे दिसणे दुसरे, अशी फारकत तेथे संभवत नव्हती.

३/२७
संगणकाने ही फारकत घडवली. पडद्यावर दिसणारे ‘शेतकऱ्यांचा’ हे केवळ एक चित्र असते. खरी नोंद म्हणजे डिस्कवर साठवलेली आकड्यांची ओळ. आकड्यांचे चित्र करण्याचे काम प्रोग्रामरने लिहिलेली आज्ञावली करते. मराठी अक्षर संगणकाच्या खिडकीत कसे आले, कोठे अडले आणि त्या अडचणी कशा सुटल्या, याचा हा धावता इतिहास. #थ्रेड #मराठी #इतिहास

४/२७
आधी खिडकीविषयी. माउस, चित्रे आणि एकमेकांवर सरकणाऱ्या चौकटी असलेला पडदा प्रथम आकाराला आला तो झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात. तेथील ‘आल्टो’ हा संगणक १९७३ चा. त्यावर बेतलेला ‘स्टार’ १९८१ मध्ये बाजारात आला. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आणि १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे पहिले विंडोज आले. आज्ञा टाइप करण्याऐवजी बटण दाबावे, ही कल्पना अशी घरोघर पोहोचू लागली.

५/२७
याच केंद्रात नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली. आज्ञावलीचे तीन भाग करावेत : एकाने माहिती सांभाळावी, दुसऱ्याने ती दाखवावी, तिसऱ्याने वापरणाऱ्याची कळ किंवा क्लिक टिपून योग्य ठिकाणी पोहोचवावी. ‘मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर’ या नावाने ही मांडणी प्रसिद्ध झाली. खिडक्यांची आज्ञावली लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी आजही ती शिकतो. माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवा, हे तिचे सार. मराठी अक्षरांना या तत्त्वाची गरज इतरांहून अधिक होती.

६/२७
कारण त्या काळातील सामान्य संगणकाचा पडदा म्हणजे ८० उभे रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक अक्षराला ठरावीक मापाचे एक घर. इंग्रजी अक्षरे त्या घरात नीट बसत. देवनागरीची मात्रा घराच्या वर जाई, उकार खाली उतरे, जोडाक्षर शेजारच्या घरात घुसे. त्यात ऱ्हस्व वेलांटीचा पेच निराळाच. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ उच्चारला जातो, नंतर ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. मग साठवायचे कोणत्या क्रमाने? उच्चाराच्या की दिसण्याच्या?

७/२७
या प्रश्नाचे नेमके उत्तर भारतातच शोधले गेले. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांवर काम झाले. तेथील मोहन तांबे यांच्या पुढाकाराने घडलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की पडद्याचा ताबा ते कार्ड घेई, आणि एरवी इंग्रजीपुरतेच चालणाऱ्या आज्ञावल्यांत देवनागरी दिसू लागे.

८/२७
या कामातील मोलाचा भाग मात्र कार्डाहून निराळा होता. साठवण उच्चाराच्या क्रमाने करायची आणि जोडाक्षर कसे दिसावे हे दाखवण्याच्या वेळी ठरवायचे, हे तत्त्व ‘इस्की’ या संकेतप्रणालीने स्वीकारले. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकाची रचनाही याच विचारातून आली. रेन्सकॉग यांनी आज्ञावलीबाबत जे सुचवले, तेच येथे लिपीबाबत घडले होते.

९/२७
मग १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि कार्यालयांतील पडदे पालटू लागले. विंडोज प्रत्येक अक्षर चित्र म्हणून स्वतःच काढत असे. कार्डाची सद्दी संपली. मराठी मजकूर तर तातडीने हवा होता : वृत्तपत्रांना, छापखान्यांना, कचेऱ्यांना. तेव्हा एक सोपी युक्ती रूढ झाली. फॉन्टमधील इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटे की इंग्रजीच लिहिले जात आहे. माणसाला मराठी दिसे.

१०/२७
या युक्तीने मोठे काम केले, हे मान्य करायला हवे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या साधनांमुळे मराठी मुद्रण संगणकावर आले. लग्नपत्रिका, नियतकालिके, पाठ्यपुस्तके सुबक छापून निघाली. कागदावर उमटले की काम संपत असेल, तर या पद्धतीत काहीच खोट नव्हती. खोट उघडी पडे ती त्या मजकुराला पुन्हा काही विचारायचे असेल तेव्हा.

११/२७
उदाहरणार्थ, हजार नावे अकारविल्हे लावायची आहेत. संगणक ती इंग्रजी समजून लावणार. एखादे आडनाव शोधायचे आहे. एका फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्या फॉन्टमध्ये सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने तुकडे वेगवेगळ्या जागी बसवलेले. बहुतेक फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली. फॉन्ट हरवला की हाती उरे तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग. दर्शन सुंदर होते, पण त्यामागे नोंद अशी उरलीच नव्हती.

१२/२७
याच काळात, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. त्याच्या सहाच दिवस आधी, २५ जून रोजी, विंडोज ९८ बाजारात आले होते. नवा जिल्हा आणि नवे विंडोज असे एका आठवड्याचे सोबती. पण त्या विंडोजला वेगळ्या साधनाच्या मदतीवाचून मराठी लिहिता येत नव्हती.

१३/२७
त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आली. माउसने बटणे आणि रकाने ओढून ठेवायचे, थोडी आज्ञावली लिहायची आणि कार्यालयीन कामाची खिडकी तयार! भारतात असंख्य विद्यार्थी याच साधनावर शिकले. मात्र त्यातील नेहमीचे रकाने आतून जुन्या, २५६ जागांच्या तक्त्यावर चालत. विंडोजमध्ये मराठीसाठी असा तक्ताच नव्हता. त्यामुळे खरा मराठी मजकूर त्या रकान्यात घातला की ‘?????’ अशी रांग उमटे.

१४/२७
‘खरा मराठी मजकूर’ म्हणजे युनिकोडमधला. जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा विभाग राखला गेला आणि त्याची रचना इस्कीवरून घेतली गेली. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठवणीचे भारतात रुजलेले तत्त्व जागतिक प्रमाणात गेले. तक्ता मिळाला, तो पडद्यावर उतरवणारे यंत्र अजून यायचे होते.

१५/२७
ते आले विंडोज २००० मधून. त्यातील ‘युनिस्क्राइब’ हा भाग साठवलेल्या संकेतांची ओळ वाचून वेलांटी पुढे आणी, रफार वर चढवी, जोडाक्षर जुळवी. सोबत देवनागरीचा ‘मंगल’ हा फॉन्ट होता. तो रेखला होता र. कृ. जोशी यांनी. कोल्हापुरात जन्मलेले जोशी हे सुलेखनकार, अध्यापक आणि मराठी कवी. ज्या हाताने कवितेच्या अक्षरांशी प्रयोग केले, त्याच हाताचे वळण पुढे असंख्य कचेऱ्यांतील पडद्यांवर दिसू लागले.

१६/२७
मात्र विंडोज २००० आणि त्यापाठोपाठच्या एक्सपीमध्ये ही सोय आपोआप चालू नसे. भाषांच्या रकान्यात जाऊन ती मुद्दाम बसवावी लागे, अनेकदा मूळ सीडी घालून. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याला मात्रा सुट्या दिसत, वेलांटी चुकीच्या बाजूला दिसे. ‘संगणकाला मराठी जमत नाही’ असा समज पसरण्यास ही एक न टिकवलेली खूण किती कारणीभूत झाली असेल!

१७/२७
मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही हेच यंत्र घडत होते. २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ या खिडक्या घडवणाऱ्या संचात ‘पँगो’ हा अक्षरजुळवणीचा भाग होता. ‘क्यूटी’ या दुसऱ्या प्रसिद्ध संचानेही भारतीय लिप्यांची सोय केली. पुढे बेहदाद एस्फहबोद यांच्या ‘हार्फबझ’ने हे काम एकत्र आणले, आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस यांतील मराठी तोच जुळवतो. रेड हॅट कंपनीचे ‘लोहित’ फॉन्ट सर्वांना मुक्तपणे मिळाले. प्रत्येक प्रोग्रामरने वेलांटी नव्याने फिरवत बसण्याची गरज उरली नाही.

१८/२७
तरीही एक अक्षर मराठीचे स्वतःचे होते : पापणीसारखा दिसणारा अर्धा र. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या साधनांत तो सहज निसटे. मराठीत मात्र ‘शेतकरी’ या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की हे अक्षर येतेच. मानोरा तालुक्यातला माणूसही ‘मानोऱ्याचा’ असतो.

१९/२७
युनिकोडने या अक्षरासाठी ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह वापरण्याचा नियम केला : ऱ, पायमोड, य. इनस्क्रिप्टवर र आणि ऱ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली की ऱ. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरी रीतही चालू ठेवली गेली : र, पायमोड, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. तिसरी रीत : र, त्याखाली नुक्ता, पायमोड, य. पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात. डिस्कवर तिन्ही वेगवेगळ्या ओळी असतात.

२०/२७
याचा अर्थ असा की, दोन ठिकाणी दोन कळफलकांवर टाइप केलेले एकच नाव डोळ्याला एक दिसेल आणि संगणकाला दोन. शोध घेतला की उत्तर येईल, ‘नोंद आढळली नाही’. उपाय असा : नोंद साठवण्यापूर्वीच सर्व रूपे एका प्रमाणरूपात आणायची. युनिकोडचे प्रमाणीकरण ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ एक करते. अदृश्य जोडचिन्हाची रीत मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. तिच्यासाठी प्रोग्रामरला स्वतः नियम लिहावा लागतो, आणि तो मराठी जाणणाऱ्यालाच सुचतो.

२१/२७
‘ॲ’ची कथाही अशीच. ‘ॲड.’ लिहायचे तर लोक ‘अ’वर चंद्र देत. पण नियमाप्रमाणे स्वराला मात्रा लागत नाही, म्हणून कित्येक आज्ञावल्या त्या चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखवत. मराठीत रोज वापरला जाणारा स्वर संगणकाला चूक वाटत होता. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी लिहिलेले आणि नंतर लिहिलेले शब्द जुळवणे हे काम मात्र मागे उरले.

२२/२७
आता मापांचे प्रश्न. इंग्रजी शब्दाच्या मापाने बटण आखले की त्यावरच्या मराठी शब्दाची मात्रा वरून किंवा उकार खालून कापला जातो. उपाय : मापे पक्की न ठरवता मजकुराप्रमाणे ताणणारी मांडणी वापरणे, जीटीके आणि क्यूटी दोहोंत तशी सोय आहे. तसेच रकान्याच्या लांबीचे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दात डोळ्याला पाच अक्षरे दिसतात. साठवणीत ११ संकेत असतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीत ३३ बाइट लागतात. ३० बाइटांचा रकाना शेवटचा काना गिळून टाकतो.

२३/२७
कर्सरचा पेच त्याहून सूक्ष्म. जोडाक्षराच्या मध्ये कर्सर थांबावा का? बॅकस्पेसने पूर्ण अक्षर जावे की फक्त शेवटची मात्रा? रूढ झालेला तोडगा असा : बॅकस्पेसने शेवटचा संकेत जावा, म्हणजे टाइप करणाऱ्याला नुकतीच झालेली चूक सुधारता येते, डिलीटने पूर्ण अक्षर जावे. देवनागरी जोडाक्षर हे एक अखंड अक्षर मानावे, हा नियम युनिकोडच्या प्रमाण नियमांत आला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. पहिल्या आवृत्तीनंतर ३२ वर्षांनी.

२४/२७
मराठी बिघडलेली दिसली तर निदान कसे करावे? चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. नोंद सुरक्षित आहे. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर संकेतांचा क्रम चुकला आहे किंवा जुळवणारी आज्ञावली जुनी आहे. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. परिवर्तकाने वाचवता येईल. प्रश्नचिन्हे दिसली आणि तशीच साठवली गेली, तर मूळ अक्षरे कायमची गेली. प्रश्नचिन्हांतून नाव परत काढण्याचा मार्ग नाही.

२५/२७
खिडकी गोठणे हाही नेहमीचा आजार. पडदा रंगवणे आणि क्लिक टिपणे ही कामे एकाच रांगेत चालतात. दूरच्या सर्व्हरवरून नोंद आणण्याचे कामही त्याच रांगेत घातले, तर पडदा थिजतो आणि ‘प्रतिसाद देत नाही’ असे दिसते. कंटाळून दुसऱ्यांदा बटण दाबले की तीच नोंद दोनदा होण्याचा धोका. उपाय : जड काम मागच्या रांगेत पाठवावे आणि ते संपेपर्यंत बटण निष्क्रिय ठेवावे. येथेही काम आणि दर्शन वेगळे करणे हाच मार्ग.

२६/२७
हे सर्व सातबाराला भिडते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील चमूने घडवलेल्या ई-फेरफार प्रणालीतून महाराष्ट्राचे अधिकार अभिलेख संगणकावर आले. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले : संगणकातील सातबारा गावासमोर वाचायचा, चूक सांगायची, दुरुस्त करायची. २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जमीन महसूल संहितेतील कलम १५५ लेखनप्रमाद सुधारण्याची वाट देते. पीककर्ज असो वा वारसनोंद, आधी नाव जुळावे लागते. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवले आणि २०२२ मध्ये ते सुधारले, त्याचेही महत्त्व येथे कळते.

२७/२७
चावडी वाचनात एक जुनी रीत पुन्हा उपयोगी पडली. पडद्यावरचे चित्र आणि डिस्कवरची नोंद यांत अंतर पडले असेल, तर ते ओळखायला शेवटी आपले नाव कानांनी ऐकणारा माणूसच लागला. वत्सगुल्माच्या कोरणाऱ्याला अशा पडताळणीची गरज नव्हती; त्याचे अक्षर आणि त्याची नोंद एकच होती. संगणकाने ती दोन केली, म्हणून आता ती एकमेकांशी प्रामाणिक ठेवण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर आली आहे. मानोऱ्याच्या शेतकऱ्याचे नाव त्याच्या सातबारावर नीट दिसणे एवढेच पुरेसे नाही. शोधल्यावर ते सापडलेही पाहिजे.